चुन-थोच्या नावाचा चेक

पतपेढीच्या खिडकीतून चेक परत आला तेव्हा आ-खिमला आधी वाटलं, आपलाच सहीचा शिक्का नीट उमटला नसेल. तिनं पिशवीत हात घालून शिक्का शोधायला सुरुवातही केली.

"शिक्क्याचं काही नाही, मावशी," खिडकीतली सोक-हुन म्हणाली. चेकला टाचलेल्या चिठोरीवर तिनं बोट ठेवलं. "त्यांच्या खात्यात पैसेच नाहीत. वटला नाही."

"असं कसं होईल? मी विचारून टाकलाय."

"विचारलंत, त्यांनी सांगितलं, पण पैसे कुणी ठेवलेच नाहीत." सोक-हुननं मागच्या रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आठवड्याच्या आत मिटवा. 'पैसे मिळाले' असं मागं लिहायचं, तुमचा शिक्का मारायचा आणि चेक त्यांना परत द्यायचा. त्यांनी तो बँकेत नेऊन दाखवला की नोंद पुसतात. नाही नेला तर प्रकरण कोर्टात."

"आणि माणूस आत."

"बाई," सोक-हुन म्हणाली. "बाई आत."

तिचं खरं होतं. तैवानात त्या वर्षांत चेक न वटणं हा गुन्हा होता, आणि चेकवर ज्याचं नाव त्यानं तो भोगायचा. म्हणून मोज्यांच्या त्या गावात ज्या ज्या घरात कारखाना होता, त्या त्या घरात चेकबुक बायकोच्या नावावर असे. कुणी बसून हे ठरवलं होतं असं नाही. एकानं केलं, शेजाऱ्यानं पाहिलं. नवरा आत गेला तर धंदा बुडेल, बायको आत गेली तर फार तर चूल विझेल, असा सगळ्यांचा सरळ हिशेब होता. आता तो कायदा जाऊन कितीतरी वर्षं झाली. आजच्या पोरींना सांगितलं तर त्यांना ती थाप वाटते.

चेकवर नाव चुन-थोचं होतं.

आ-खिम सायकल हातात धरून चालतच घरी निघाली. बसून पॅडल मारायचं तिच्या जिवावर आलं होतं. जुनं वर्ष सरत आलं होतं, घरोघरी गाद्या उन्हात पडल्या होत्या, बायका दारं-खिडक्या धूत होत्या. जिला तिला हसून उत्तर देता देता तिचे गाल दुखायला लागले.

चुन-थो तिची मानलेली बहीण. दोघी कोवळ्या पोरी असताना सूतगिरणीत एका खोलीत राहत. वरच्या फळीवर आ-खिम, खालच्या फळीवर चुन-थो. सकाळी रताळी घातलेला पातळ भात, त्यात भात शोधावा लागे. दोघींत मिळून एकच जाड कोट होता. दिवसपाळीला जाताना एकीनं घालायचा, रात्रपाळीला जाताना दुसरीनं. त्या कोटाला गार व्हायला कधी सवडच मिळायची नाही, असं चुन-थो म्हणायची. एका सुट्टीच्या दिवशी दोघींनी मा-चो देवीपुढे उदबत्त्या लावल्या आणि बहिणी झाल्या. पुढे आ-खिमचा नवरा मोटरसायकलवरून पडून गेला, तेव्हा मोज्यांची बोटांकडची उघडी टोकं शिवायच्या चार मशीन चुन-थोनंच तिच्या पुढच्या खोलीत आणून ठेवल्या. "आमच्याकडं विणून होईल, तुझ्याकडं शिवून होईल," म्हणाली. "रडायला रात्र आहे." तेव्हापासून तीन महिने शिवायचं आणि पुढच्या तारखेचा चेक घ्यायचा, असंच चाललं होतं. एकदाही अडलं नव्हतं.

आणि या वेळी तिनं रीतीप्रमाणे आधी फोनही केला होता. तारीख आली म्हणून कुणी सरळ चेक टाकत नसे. 'टाकू का?' असं विचारायचं. समोरचा 'चार दिवस थांबा' म्हणाला तर थांबायचं. फोन चुन-थोच्या नवऱ्यानं, होक-गोआननं घेतला होता. "टाका, टाका, ताई! विचारता काय?" असा हसत ओरडला होता.

घरी चारही मशीन चालू होत्या. दाराजवळच्या मशीनवर बोंग-ची बसली होती. वय साठीचं, जीभ विशीची. चौथी मुलगी झाली म्हणून बापानं तिचं नाव 'असू दे, पोसू कशीबशी' अशा अर्थाचं ठेवलं होतं. 'आणि बघा, अजून पोसतेय मीच सगळ्यांना,' असं ती दर पगाराला ऐकवायची.

"आलीस? नोटा मोजून हात दुखला असेल."

"चेक परत आला, काकू."

मशीन एकेक करून थांबल्या.

"कुणाचा?"

"चुन-थोचा."

"चुन-थोचा कसला? होक-गोआनचा म्हण. त्या बिचारीला कुठं काय कळतंय." बोंग-चीनं केसांतली सुताची तुसं झटकली. "परवाच त्या मेल्यानं मला नव्या गाडीतून हात केला. पांढरी गाडी, आत गार वारा सोडलेला. थंडीच्या दिवसांत गार वारा! मी म्हटलं, ह्याला एवढा घाम कशाचा फुटलाय? आज कळलं."

बायका हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण तो चेक म्हणजे त्यांचीच तीन महिन्यांची मजुरी होती.

"देईन मी," आ-खिम म्हणाली.

"कधी? नव्या वर्षाच्या जेवणाला ताटात मासा नको? नातवंडांना पैशांची लाल पाकिटं द्यायचीत. रिकामी दिली तर कार्टी माझं तोंड लाल करतील." बोंग-चीनं आवाज उतरवला. "आणि एक सांगून ठेवते. पैसे हातात पडल्याशिवाय कागद सोडू नकोस. कागद गेला की तू कोण आणि तो कोण."

"आठवड्यात नाही सोडला तर चुन-थो आत जाईल."

बोंग-चीनं मोजा सुईखाली घातला, पण मशीन चालू केली नाही.

"शेवयावाल्याची बायको गेली होती ना मागे," ती म्हणाली. "अंगावर पितं पोर होतं, तेही बरोबर नेलं. नवरा महिन्यातून एकदा संत्री घेऊन जायचा. सुटून आली तर ते पोर दार उघडं दिसलं की रडायचं म्हणे. कुणीतरी उठून लावेपर्यंत."

"मग काय करू? देऊ की नको?"

"मला कशाला विचारतेस? मी माझी मजुरी मागितली. बहीण तुझी आहे."

दुपारी पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. होक-गोआन पेअरची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत आला. ती फळं इतकी मोठी आणि इतकी गोरी होती की ती जपानहून आली असणार हे न सांगता कळावं. बायकांनी माना वर केल्या नाहीत, पण एकही मशीन चालेना.

"ताई, चूक झाली. शंभरदा चूक. माझी भिशी लागणार होती हो त्याच दिवशी. बोली लावून बसलो होतो. आणि ती खाटकाची बायको! ऐन वेळी माझ्यावर चढून बोलली आणि भिशी उचलून चालती झाली."

"मग फोनवर 'टाका' का म्हणालास?"

त्यानं पेअरच्या पेटीकडे पाहिलं. "समोर सुताचा व्यापारी बसला होता. त्याच्या देखत 'थांबा' म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. सगळ्यांनी एकदम चेक टाकले असते."

"म्हणजे तुझं नाक राहिलं."

"नाक राहिलं तर धंदा राहतो, ताई."

हेही खरंच होतं, आणि त्याचाच आ-खिमला जास्त वैताग आला. या गावात सगळेच सुतावर आणि नाकावर चालत होते.

"पैसे कधी देशील?"

"नव्या वर्षानंतर. एक ऑर्डर येतेय मोठी. पण चेक मात्र आज द्या. नाहीतर चुन-थोचं..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. पुढचं तुम्हीच म्हणा, असा त्याचा चेहरा.

"तिला ठाऊक आहे?"

"तिचं डोकं धरलंय. तिला कशाला त्रास?"

आ-खिम उठली. अंगावरचा तुसांनी भरलेला एप्रन तिनं काढला. इतक्या वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते तिच्या तोंडून निघून गेलं. "चेक मी तिच्या हातात देईन. आणि त्याआधी तिचा शिक्का तू माझ्यासमोर तिला परत करायचास. तिच्या नावानं यापुढं एकही कागद फाडायचा नाही. कबूल असेल तर चल."

"शिक्का?" होक-गोआन म्हणाला. त्याला हसू आलं, पण ते त्याच्या तोंडावर पुरतं पसरलं नाही. "चला. आत्ताच चला."

"पेटी घेऊन जा ती," मागून बोंग-ची म्हणाली. "पेअर शिजवून भाजी होत नाही."

गाडीत खरंच गार वारा सुटला होता. आ-खिम पेटी मांडीवर घेऊन बसली.

कारखान्याच्या दाराशी आल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. क्षणभरानं कळलं, आवाज नाही. विणायच्या मशीन एका रांगेत उभ्या होत्या, रिळांवर सूत चढवलेलं, अर्धे मोजे लोंबत राहिलेले. इथं आलं की एकमेकींच्या कानाशी लागून बोलावं लागायचं. आज चपलांचा आवाज होत होता.

चुन-थो मागच्या स्वयंपाकघरात होती. नव्या वर्षाच्या वड्यांसाठी पांढरा मुळा किसत होती. हात कोपरापर्यंत ओले. पातेलं भरत आलं होतं. एवढ्या वड्या खाणार कोण होतं कोण जाणे.

"बस," ती म्हणाली. तिनं चेक बघितला नव्हता, तरी तिला सगळं कळलेलं होतं. "एवढा कांदा बाजूला सरकव आणि बस."

होक-गोआन दारातच उभा राहिला. "चुन-थो, ताईंची अट आहे. तुझा शिक्का मी तुला परत द्यायचा. तर तो आधी मला दे, म्हणजे तुला देतो."

चुन-थोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ओला हात पुसला, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वर ओढला आणि त्यात अडकवलेली लहानशी डबी सोडवून टेबलावर ठेवली. होक-गोआननं ती उचलली, पुन्हा तिच्यासमोर ठेवली आणि सिगारेट पेटवायला बाहेर गेला.

आ-खिमनं डबी उचलून पाहिली.

"तुझ्याजवळच असतो हा?"

"मग कुणाजवळ?"

"म्हणजे चेकवर तू मारायचीस."

"तो तारीख घालायचा, आकडा घालायचा. मी दाबायची." चुन-थोनं किसणी पुन्हा हातात घेतली. "दाबून झालं की फुंकर घालायची, नाहीतर शाई पसरते."

"खात्यात नाहीत हे ठाऊक असायचं तुला?"

"पुष्कळदा."

"मग का, बाई?"

चुन-थो किसत राहिली. मुळ्याचा शेंडा संपत आला, बोटं किसणीला लागायला आली, तशी ती थांबली.

"पहिल्यांदा मला बँकेत नेलं ना, तेव्हा मॅनेजर खुर्चीतून उठला. स्वतः चहा ओतला. 'मालकीणबाई' म्हणाला. मला! माहेरी मला नेहमी 'ए' म्हणत, सासरी 'अमक्याची आई'. आणि चेकबुकावर नाव छापून आलं, सुबक, काळ्या शाईत. मी ते उशीखाली घेऊन झोपले होते, हसू नकोस." कुणी हसलं नव्हतं. "नंतर 'नाही' म्हणावंसं वाटायचं. पण तोवर मागचा चेक भागवायला पुढचा फाडायचा, असं झालं होतं. एक अडवला असता तर सगळे अंगावर आले असते."

"आणि माझा?"

"तुझ्यावर शिक्का सगळ्यांत आधी मारला."

"ठाऊक असून?"

"वाटलं, दुसरे थांबायचे नाहीत. तू थांबशील."

आ-खिम उठून उभी राहिली. इतका वेळ मुठीत धरून चुरगळलेला चेक तिनं पुन्हा खिशात कोंबला. "मी थांबेन गं. बोंग-ची थांबेल? तिच्या घरच्या ताटात मासा मी कुठून घालू? चार बायकांनी डोळे फोडून शिवलंय. त्यांचं काय, तेही तूच ठरवलंस?"

चुन-थोनं किसलेला मुळा मुठीत दाबून पाणी काढलं.

"जाते मी."

"जा. दे पाठवून कोर्टात."

"काय म्हणतेस?"

"शुक्रवारी आणखी दोन चेक आहेत. पुढच्या आठवड्यात सुतवाल्याचा, तो मोठा. मी जाणारच आहे, आ-खिम. प्रत्येक चेकचे महिने वेगळे लावतात. तुझे धरून थोडे वाढतील, एवढंच. आत नऊला दिवे मालवतात म्हणे." ती नाकातल्या नाकात हसली. "लग्न झाल्यापासून मी एकदाही नऊला झोपले नाही."

आ-खिम दाराशी पोचली होती. तिथून एक पाऊल टाकलं की ती बाहेर होती. बाहेर होक-गोआन गाडीला टेकून धूर सोडत होता. आत चुन-थो पुढचा मुळा सोलायला घेत होती, आणि सोलताना तिचा हात इतका हळू चालत होता की सालीची एक लांब पट्टी न तुटता खाली लोंबत गेली. आ-खिमला संताप आला होता, पण तो घेऊन पाऊल बाहेर पडेना. ती परत येऊन कांद्यांशेजारी बसली. सालीची पट्टी तुटून खाली पडली.

मग चुन-थोनं सुरी ठेवली. "चल."

पुढच्या खोलीत येऊन ती मशीनच्या रांगेच्या कडेनं चालत गेली. खिडकीजवळच्या मशीनशी थांबली, तिच्यावरचं सूत उतरवलं, अर्धा मोजा कात्रीनं कापून टाकला.

"ही घेऊन जा. आजच. शुक्रवारनंतर इथं खिळासुद्धा राहायचा नाही."

"मशीन घेऊन मी काय करू?"

"वीक. बायकांचे पैसे दे. जे कमी पडेल ते माझ्या नावावर मांड." जरा थांबून म्हणाली, "सगळं माझ्याच नावावर असतंय, त्यात आणखी एक."

होक-गोआन सिगारेट टाकून आत धावला. "अगं, ए! ती नवी मशीन आहे. सुतवाल्याला तारण म्हणून दाखवून ठेवलीय मी ती!"

"बिल कुणाच्या नावानं आहे?"

"तुझ्या. पण ते नुसतं..."

"आणि तुरुंग कुणाच्या नावानं आहे?"

त्यानं मशीनवर टेकलेला हात काढून घेतला.

"तुरुंग माझ्या नावावर, तर मशीनही माझ्याच नावावर," चुन-थो म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. दुकानात भाव सांगावा तशी ती बोलत होती. "गाडीसुद्धा. गाडीचं उद्या बघू."

आ-खिमला लाज वाटली आणि मशीन हवीही होती. बुडत्या घरातली मशीन सगळ्यांच्या आधी ओढून न्यायची, हे काम गावात जे करत त्यांना ती आजवर गिधाडं म्हणत आली होती. तिनं खिशातला चेक काढला, टेबलावर हातानं सरळ केला. मागच्या बाजूला लिहिलं, 'पैसे मिळाले'. शिक्का मारला. सवयीनं फुंकर घातली, आणि चुन-थोच्या हातात दिला. चुन-थोनं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि घडी न घालता ब्लाऊजमध्ये ठेवला.

निरोप गेला तशी बोंग-ची नवऱ्याची कोबीची हातगाडी घेऊन आली. फळ्यांना अजून पानं चिकटली होती. बरोबर दोघी शिवणाऱ्या होत्या. मशीन जमिनीला बोल्टांनी पक्की केलेली. बायकांनी पाना लावून पाहिला, तो घसरला, बोंग-चीनं होक-गोआनच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. होक-गोआन भिंतीशी उभा राहून बघत होता. मग कुणी न सांगता पुढं आला, गुडघ्यावर बसला आणि एकेक बोल्ट सोडवून दिला. शेवटचा सुटेना तेव्हा त्यानं त्यावर तेल सोडलं आणि वाट बघत तिथंच बसून राहिला. तो कारागीर चांगला होता. सुरुवातीला त्या खोलीत एकच मशीन होती आणि ती तोच चालवायचा.

पुढं व्हायचं ते सगळं झालं. शुक्रवारचे दोन आले, सुतवाल्याचाही आला, आणि त्यामागून आणखी काही, जे चुन-थोलाही आठवत नव्हते. वसंतात ती आत गेली, आणि आणखी एक नवं वर्ष उलटून गेल्यावर बाहेर आली. होक-गोआन दर महिन्याला भेटायला जात असे, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मशीन पडत्या भावानं गेली. ती कुठून आली हे गावाला ठाऊक होतं, आणि अशा मशीनला पुरता भाव कुणी देत नाही. बायकांची मजुरी नव्या वर्षाआधी पाऊण फिटली. बोंग-चीनं मासा आणला, पण लहान, आणि तो किती लहान होता हे ती पुढं कितीतरी दिवस बोटांनी दाखवत राहिली.

पण त्या संध्याकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. हातगाडी कालव्याच्या पुलाकडे निघाली होती. पुढून बोंग-ची ओढत होती, मागून तिघी जोर लावत होत्या, आणि एका बाजूला, मशीनवर हात ठेवून, चुन-थो होती. "पुलापर्यंत येते," म्हणाली होती. कुणी तिला नको म्हटलं नाही.

चढ लागला तशी गाडी अडली.

"मालकीणबाई," बोंग-ची पुढून ओरडली, "नुसता हात ठेवून मशीन चढत नाही. जोर लावा!"

चुन-थोनं बाह्या सारल्या आणि खांदा लावला. गिरणीत गाठोडी ढकलताना दोघी जसा लावत तसाच, डोकं खाली घालून. आ-खिमचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. चुन-थोचा श्वास तिला ऐकू येत होता. तो दमल्याचा होता की आणखी कशाचा, हे तिला कळलं नाही, आणि मान वळवून बघायची तिची छाती झाली नाही.

माथ्यावर गाडी क्षणभर थांबली. चुन-थोनं हात झटकले, केस मागं केले. "उद्या सकाळीच चेक बँकेत नेते," ती म्हणाली. कुणाकडे न बघता म्हणाली, आणि वळून आल्या वाटेनं चालायला लागली.

आ-खिमला वाटलं, हाक मारावी. काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, पण हाक मारावी. तेवढ्यात गाडी उताराला लागली. मशीनचं ओझं पुढं खेचायला लागलं, बोंग-ची "धरा गं, धरा!" म्हणून किंचाळली, आणि आ-खिमनं दोन्ही हातांनी गाडी मागं ओढून धरली.